आबांचं वेब्ली

कोल्हापुरातल्या त्या शस्त्रदुरुस्तीच्या दुकानात कुणी रुमालात गुंडाळलेलं पिस्तूल काउंटरवर ठेवलं, तरी मेस्त्री त्याला लगेच हात लावत नाहीत. आधी पुस्तक मागतात. परवान्याच्या वहीतला शस्त्राचा क्रमांक, बोअर, मुदत, हद्द आणि यूआयएन हा ओळखक्रमांक, हे सगळं चष्मा लावून वाचायचं, मग रुमाल सोडायचा, पिस्तुलावरचा क्रमांक वहीशी ताडायचा आणि तो जुळला तरच पुढचं बोलणं. गिऱ्हाईक साखर कारखान्याचा संचालक असो की निवृत्त सुभेदार, यात सूट नाही. शस्त्र विकायला परवाना लागतो हे सगळ्यांना माहीत असतं. ते दुरुस्त करायलाही लागतो, हे मात्र कित्येक परवानाधारकांनाच ठाऊक नसतं. आर्म्स ॲक्टच्या कलम ५ मध्ये निर्मिती, विक्री, दुरुस्ती, चाचणी असं सगळं एकत्रच बसवलेलं आहे. नोंदवहीत एक आकडा चुकला तर गिऱ्हाइकाआधी कारागीर अडकतो.

मेस्त्रींचे आजोबा संस्थानच्या काळात शिकारीच्या बंदुका नीट करायचे. १ मार्च १९४९ला कोल्हापूर संस्थान विलीन झालं, तरी शिकार काही थांबली नाही आणि काम टिकून राहिलं. धंद्याचा खरा मोहरा फिरला तो १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने. शिकारीच्या रायफली कपाटात गेल्या, काही पुढे संग्रहालयांत गेल्या. न्यू पॅलेसमधल्या शहाजी छत्रपती म्युझियममध्ये काचेआड शस्त्रं बघत फिरणाऱ्या पर्यटकाला त्या धंद्याची थोडी कल्पना येते. आता दुकानात येतात त्या बँकेच्या पहारेकऱ्यांच्या बाराबोअर, आजरा-चंदगडकडच्या पीकसंरक्षणाच्या एकनळ्या आणि अधूनमधून एखादं पिस्तूल. पिस्तुलं संख्येनं सगळ्यात कमी. वेळ मात्र सगळ्यात जास्त तीच खातात, कारण पिस्तुलाबरोबर एक घराणं आत येतं, त्याचा मान येतो आणि एक प्रश्न येतो. तो प्रश्न गेली काही वर्षं जवळजवळ एकच आहे.

हुपरीच्या अण्णांनीही तोच विचारला.

"मेस्त्री, आबांचं आहे. आता माझ्या नावावर झालंय. कंबरंला लावून फिरायचं म्हणतोय. चालंल न्हवं?"

"चालंल का ते मागनं बघू. आबांनी शेवटचं उडवलं कधी?"

अण्णा आठवत राहिले. "उडवलेलं काय मी बघितलं न्हाई. पण दसऱ्याला पूजा करतोय की दरसाली."

ते सांगायची गरज नव्हती. स्लाइडच्या खाचांत वर्षानुवर्षांचं हळदकुंकू तेलात मुरून घट्ट बसलं होतं. कोल्हापूर भागातल्या जुन्या शस्त्रांत हे हमखास सापडतं. मेस्त्री ते दात कोरायच्या काडीने काढतात, लोखंडाचं टोक लावत नाहीत. कुंकू ओल धरून ठेवतं आणि त्याच्याखाली गंजाचा बारीक ठिपका पडलेला असतो. श्रद्धेला नावं ठेवायची त्यांची पद्धत नाही. ते एवढंच सांगतात, की पूजा करा, पण झाल्यावर कोरड्या फडक्याने पुसून तेलाचा हात फिरवा.

रुमालातलं पिस्तूल होतं बर्मिंगहॅमच्या वेब्ली अँड स्कॉट कंपनीचं .३२ सेल्फ-लोडिंग. १९०८ ते १९४० या काळात बनलेलं हे मॉडेल. डिसेंबर १९१० मध्ये लंडनच्या हाउंड्सडिच भागात दरोडेखोरांनी तीन पोलीस मारले, पुढच्याच महिन्यात सिडनी स्ट्रीटवर त्यांच्या साथीदारांशी तासन्‌तास गोळीबार चालला आणि लंडनच्या पोलिसांकडची शस्त्रं किती जुनाट आहेत ते उघडं पडलं. त्यानंतर १९११ मध्ये मेट्रोपॉलिटन पोलिसांनी जे पिस्तूल घेतलं, ते हेच. दिसायला राकट, चौकोनी. मागे बाहेर दिसणारा घोडा, आठ काडतुसांचं मॅगझिन, काळ्या कडक रबराची ग्रिप आणि उजव्या ग्रिपखाली लपवलेली व्ही आकाराची पट्टीची स्प्रिंग. स्लाइड काढायची तर चापाभोवतीची कडी ओढून सोडवावी लागते. माहीत नसलेला माणूस इथेच घाबरतो आणि काहीतरी मोडून ठेवतो.

अण्णांच्या वडिलांनी, म्हणजे आबांनी, ते साठच्या दशकात एका निवृत्त अधिकाऱ्याच्या घरून रीतसर विकत घेतलं होतं. शस्त्र नियम २०१६ मधल्या तरतुदीप्रमाणे परवानाधारक सत्तर वर्षांचा झाला किंवा शस्त्र त्याच्याकडे पंचवीस वर्षं राहिलं, की हयातीतच कायदेशीर वारसाच्या नावावर परवाना मागता येतो. आबांच्या बाबतीत दोन्ही अटी केव्हाच पुऱ्या झालेल्या. अण्णांनी प्रशिक्षणाचा दाखला घेतला, पोलीस पडताळणी झाली, जिल्हाधिकाऱ्यांची सही झाली. कागद चोख होते. राहिला होता तो लोखंडाचा प्रश्न.

अण्णांची गरजही खोटी नव्हती. हुपरी हे चांदीचं गाव. घरोघरी पैंजण, जोडवी, साखळ्या घडतात आणि माल दूरदूरच्या पेठांत जातो. संध्याकाळी कोल्हापुरातून परतताना गाडीत काही किलो चांदी असणं तिथे नवलाचं नाही. आबांच्या काळी रस्त्यावर दिवे नव्हते आणि कंबरेला पिस्तूल आहे हे चार लोकांना माहीत असणं, एवढ्यावरच काम भागायचं. अण्णांच्या मनात तेच होतं. शिवाय कुणीतरी त्यांना सांगितलं होतं, की या वेब्लीला आज काही लाख सहज येतील. एवढ्या किमतीची वस्तू म्हणजे ती दमदारच असणार, असं त्यांनी धरलं होतं.

इथे मेस्त्री खुर्ची ओढून बसतात. त्यांच्या मते सगळा घोळ या किमतीतच आहे.

भारतात सामान्य परवानाधारकाला ९ एमएम, .३८ आणि .४५५ची पिस्तुलं-रिव्हॉल्वरं ठेवता येत नाहीत. ती निषिद्ध बोअरची. म्हणून नागरी बाजार मुख्यतः .३२वर उभा आहे. त्यात ऐंशीच्या दशकात परदेशी शस्त्रांची खासगी आयात बंद झाली. नामांकित नेमबाजांसारख्या मोजक्यांना सवलत, बाकीच्यांना दार बंद. त्याआधी देशात आलेली वेब्ली, कोल्ट, वॉल्थर, ब्राउनिंग एवढीच इथली पुंजी. ती वाढत नाही. गंजून, मोडून, जमा होऊन कमी मात्र होते. अमेरिकेत असल्या वेब्लीला काहीशे डॉलर पडतात आणि ती हौशी संग्राहकाच्या कपाटात जाते. कोल्टचं १९०३चं पॉकेट मॉडेल तर १९४५पर्यंत पाच लाखांहून जास्त बनलं. पाच लाख नग बनलेली वस्तू दुर्मीळ कशी म्हणायची? ती दुर्मीळ झाली ती आपल्या कस्टमच्या दारात. किंमत त्या बंद दाराची आहे. गोळी सुटेल की नाही याच्याशी तिचा काही संबंध नाही.

वेब्ली उघडल्यावर मेस्त्रींनी आधी नळीकडे बघितलंच नाही. गिऱ्हाइकांना वाटतं नळी चकचकीत म्हणजे पिस्तूल ठणठणीत. खरं तर कमी वापरलेल्या पिस्तुलाची नळी बहुधा चांगलीच असते. मेस्त्री बघतात मॅगझिन. तोंडाशी त्याचा पत्रा दोन्ही बाजूंनी आत वळवलेला असतो, काडतूस तिथे धरलं जातं. तो पत्रा केसभर फाकला की काडतूस तिरकं वर येतं आणि स्लाइडमध्ये अडकतं. आबांनी घराच्या संरक्षणाच्या काळजीने वर्षानुवर्षं मॅगझिन भरूनच ठेवलं होतं आणि ते कधीतरी फरशीवरही पडलं असावं. एका कोपऱ्याला बारीक ठेच होती. डमी काडतुसं घालून हाताने स्लाइड ओढून पाहिली. पहिली दोन बरोबर वर आली, तिसरं नाक वर करून उभं राहिलं. "हे बगा," मेस्त्री म्हणाले आणि पिस्तूल तसंच अण्णांच्या पुढ्यात धरलं. अण्णांनी बोट लावून ते काडतूस सरळ करायला बघितलं. "रस्त्यावर कोण थांबंल का तुमच्यासाठी?"

ग्रिपला स्क्रूपाशी चीर होती. ते कडक रबर शंभर वर्षांत ठिसूळ होतं आणि स्क्रू जरा जास्त आवळला की फुटतं. व्ही स्प्रिंग अजून जिवंत होती. फायरिंग पिन ठीक. रिकामी पुंगळी बाहेर ओढणाऱ्या एक्स्ट्रॅक्टरची धार गेलेली. एकूण प्रकृती तिच्या वयाच्या मानाने उत्तम, असाच निर्वाळा कुणीही दिला असता. पण संग्रहासाठी उत्तम आणि कंबरेसाठी उत्तम या दोन वेगळ्या परीक्षा आहेत.

ऑगस्ट २०१९च्या महापुरानंतर मेस्त्रींनी हा फरक फार जवळून पाहिला. पंचगंगेची इशारा पातळी ३९ फूट, धोका पातळी ४३. त्या वर्षी पाणी धोक्याच्या कितीतरी वर चढलं आणि शाहूपुरी, दुधाळी भागात कित्येक दिवस उतरलं नाही. लोकांनी घाईत दागिने आणि कागद वर नेले, कपाटातल्या शस्त्राची आठवण कुणाला राहिली नाही. गाळाच्या पाण्यात भिजलेल्या बंदुका पोलिसांना कळवून दुकानात आल्या. साध्या एकनळ्या धुऊन, वाळवून, तेल देऊन पुन्हा उभ्या राहिल्या. जुन्या पिस्तुलांचं तसं झालं नाही. बारीक स्प्रिंगा आणि पिना आतल्या आत गंजल्या आणि त्यांच्या जागी घालायला दुसऱ्या मिळेनात. २०२१ला पुन्हा पूर आला, तेव्हा लोक निदान पिस्तूल आधी उचलायला शिकले होते.

सुट्या भागांचा विषय निघाला की कोल्हापूरचा माणूस हमखास एकच म्हणतो: उद्यमनगरात सांगा की करायला! त्याचंही बरोबर आहे. याच गावात बाबूराव पेंटरांनी स्वदेशी सिनेमा कॅमेरा तयार केला. शेतीच्या इंजिनाचा कुठलाही भाग नमुना दाखवला की उद्यमनगरातला लेथवाला दुसऱ्या दिवशी करून देतो. शिरोली-गोकुळ शिरगावच्या फाउंड्र्या मोठमोठ्या वाहन कंपन्यांना ओतीव माल पुरवतात. एक एक्स्ट्रॅक्टर करणं त्यांना कितीसं अवघड? अवघड नाहीच, बेकायदा आहे. शस्त्राचे भाग बनवायला निर्मितीचा परवाना लागतो आणि चार दोस्तांच्या ओळखीवर केलेला भाग पकडला गेला, तर लेथवाला, कारागीर आणि मालक तिघंही एका ओळीत उभे. गावठी कट्ट्यांच्या कारवाया वर्तमानपत्रात येत असताना पोलिसांना कौतुक कसलं सांगणार? म्हणून मेस्त्रींकडे एकच मार्ग उरतो: देशातल्या इतर परवानाधारक विक्रेत्यांकडे विचारत राहायचं, की कुणाकडे त्या मॉडेलचं निकामी झालेलं शस्त्र आहे का. कंपनीला पत्र घालण्याचाही उपयोग नाही. वेब्ली अँड स्कॉटने १९७९ मध्येच बंदुका बनवणं थांबवलं.

त्यात एक गंमत आहे. वेब्ली हे नाव आता पुन्हा भारतात दिसतं. उत्तर प्रदेशात हरदोई जिल्ह्यातल्या संडीला इथे भारतीय भागीदाराबरोबर .३२ रिव्हॉल्वर बनू लागलं आहे. अण्णांच्या कानावर ते होतं आणि त्यांना वाटलं, मग काय, भाग मिळतील. नाव तेच, वस्तू वेगळी. संडीलाच्या रिव्हॉल्वरचा एकही स्क्रू आबांच्या पिस्तुलाला बसणार नाही.

काडतुसांचं त्या मानाने सोपं आहे. .३२ एसीपी काडतूस १८९९ सालचं, जॉन ब्राउनिंगने बेल्जियमच्या एफएन कंपनीसाठी केलेल्या पिस्तुलाबरोबर जन्मलेलं. मराठी माणसाला या धंद्यातलं जवळचं नाव म्हणजे खडकी. तिथला दारूगोळा कारखाना १८६९चा, आणि काडतुसाच्या बुडावर केएफ अशी अक्षरं दिसली की ती खडकीची खूण. २०२१ मध्ये आयुध निर्माणींच्या सात कंपन्या झाल्या, तेव्हा दारूगोळ्याच्या कंपनीचं मुख्यालयही पुण्यातच आलं. म्हणजे आबांच्या पिस्तुलाचा जीव बर्मिंगहॅमला, पण शिधा अजून जवळच मिळतो. परवान्यावर एका वेळी किती आणि वर्षाला किती काडतुसं घेता येतील ते लिहिलेलं असतं, त्या हिशेबातच.

आता ते काडतूस करतं काय? साडेचार ग्रॅमच्या आसपासची गोळी, सेकंदाला पावणेतीनशे मीटरच्या आगेमागे वेग. पोलीस आणि लष्कर वापरतात त्या ९ एमएमच्या तुलनेत अंगातली शक्ती साधारण तिसरा हिस्सा. म्हणून ते खेळणं ठरत नाही, माणूस त्याने मरतो. पण सिनेमात दाखवतात तसा एका गोळीत समोरचा मागे उडत नाही. मेस्त्रींच्या दुकानात हे सांगायला सर्वांत जड जातं, कारण समोरचा जेम्स बाँड बघून आलेला असतो. १९६२च्या 'डॉक्टर नो'पासून बाँडच्या हातात वॉल्थर पीपीके, बोअर तीच, ७.६५ म्हणजे .३२. ती मिळाली तर हवी, असं म्हणणारे कोल्हापुरातही आहेत.

त्यांना मेस्त्री लंडनची एक खरी गोष्ट सांगतात. २० मार्च १९७४च्या रात्री बकिंगहॅम राजवाड्याजवळच्या मॉल रस्त्यावर राजकन्या ॲन यांची मोटार एका बंदूकधाऱ्याने अडवली. त्याला त्यांना पळवून न्यायचं होतं. अंगरक्षक जेम्स बीटन गाडीतून उतरले. त्यांच्याकडे वॉल्थर होती. आधीच गोळी लागलेल्या स्थितीत त्यांनी एक बार काढला, तो चुकला आणि पुढच्याला पिस्तूल अडकलं. ते अडकलेलं पिस्तूल हातात घेऊन बीटन राजकन्येच्या आड उभे राहिले आणि एकूण तीन गोळ्या अंगावर घेतल्या. ते वाचले, त्यांना जॉर्ज क्रॉस मिळाला. राजघराण्याच्या रक्षकांकडून मात्र ती पिस्तुलं काढून घेण्यात आली. तेव्हा वॉल्थर जुनीपानी नव्हती. सरकारी देखभालीतली, प्रशिक्षित माणसाच्या हातातली होती. मग वर्षानुवर्षं कपाटात बसलेलं, मॅगझिनला ठेच लागलेलं, दसऱ्यापुरतं बाहेर येणारं पिस्तूल किती भरवशाचं?

अण्णा यावर जे बोलले ते चुकीचं नव्हतं. "मेस्त्री, उडवायचं कुणाला हाय? असलं म्हणजे झालं." परवानाधारकांपैकी बरेच जण असंच म्हणतात. धाक पुरे. पण धाकासाठी शस्त्र दिसावं लागतं आणि कायद्याला ते दिसायला नको आहे. २०१६च्या नियमांप्रमाणे सार्वजनिक ठिकाणी पिस्तूल होल्स्टरमध्ये, अंगाला लावून, पूर्ण झाकलेलं हवं. ते बाहेर काढून मिरवलं तर परवाना जाऊ शकतो. वरातीत बार काढण्यासाठी २०१९च्या दुरुस्तीने दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही ठेवले आहेत. म्हणजे दाखवायचं नाही, उडवायची वेळ येऊ नये, आणि आलीच तर चालण्याची खात्री नाही. अशा वस्तूचं कंबरेला ओझं कशासाठी, हा प्रश्न मेस्त्रींनी विचारला नाही. तो अण्णांच्या तोंडावर दिसत होता.

त्यातून चेंबरचा मुद्दा. नव्या पिस्तुलांत चाप ओढल्याशिवाय फायरिंग पिन पुढे जाऊ नये म्हणून आतून अडसर असतो, पडलं तरी बार होत नाही. १९०८च्या रचनेत तो नाही. म्हणून असलं पिस्तूल न्यायचंच तर चेंबर रिकामं ठेवून न्यावं, असा मेस्त्रींचा कडक नियम. मग वेळ आली की एका हाताने पिस्तूल, दुसऱ्याने स्लाइड. अण्णांच्या दुसऱ्या हातात चांदीची पिशवी असते.

होल्स्टर त्यांनी आधीच करून आणलं होतं, चप्पल लाइनीतल्या एका ओळखीच्या कारागिराकडून, जाड कातड्याचं. काम देखणं होतं आणि मेस्त्रींनी त्याचं मनापासून कौतुक केलं. मग सांगितलं, की पिस्तूल यात घालून कपाटात ठेवू नका. कातडं पावसाळ्याची ओल धरतं आणि ब्लूइंग, म्हणजे पोलादावरचा निळसर-काळा थर, खातं. आधी घाम, मग कातडं, मग जुलै महिना.

ब्लूइंगवरून अण्णांनी दुसरं काम काढलं. सगळं घासून नवं काळं करून द्याल का? मेस्त्रींनी साफ नकार दिला. संग्राहकाच्या दृष्टीने मूळ पॉलिश, त्यावरचे ओरखडेसुद्धा, हीच किंमत. घासून नवं केलं की अक्षरांच्या कडा मऊ होतात आणि लाखाचा माल हजारांत येतो. कंबरेला रोज वापरायचं तर घाम येणार, ओरखडे पडणार, गंज धरणार आणि मग पॉलिश लागणारच. जपून ठेवायची वस्तू रोज वापरली की जपणं संपतं, हे त्यांनी अण्णांना पैशांच्या भाषेत सांगितलं तेव्हाच पटलं. व्यापारीच ते.

हद्दीचा प्रश्न मात्र अण्णांनी स्वतःहून काढला. त्यांचा परवाना महाराष्ट्रापुरता. हुपरीहून सीमा हाकेच्या अंतरावर, निपाणीला सोयरीक, तिकडच्या सराफांशी उधारी-उसनवारी. महामार्गाने कोगनोळीच्या नाक्यापलीकडे गेलं की भाषा तीच, भाकरी तीच, पण कंबरेचं पिस्तूल बेकायदा. देशभराची हद्द हवी तर वेगळा अर्ज आणि वेगळी कारणं. मग निपाणीला जाताना पिस्तूल घरी ठेवायचं आणि कोल्हापूरला जाताना घ्यायचं? रोजच्या वापराचं शस्त्र म्हणताना 'रोज' हा असा अर्धाच उरतो.

सरावाचं तर बोलायलाच नको. कोल्हापूर हे नेमबाजांचं गाव म्हणून देशात ओळखलं जातं. तेजस्विनी सावंतने २०१० मध्ये म्युनिकला जागतिक विजेतेपद मिळवलं, राही सरनोबतने २०१८च्या आशियाई स्पर्धेत २५ मीटर पिस्तुलात सुवर्ण घेतलं, राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीचा स्वप्नील कुसाळे २०२४ला पॅरिसहून ऑलिंपिक कांस्य घेऊन आला. दुधाळीच्या रेंजवर पोरं-पोरी तासन्‌तास उभी असतात. राहीचं ते पिस्तूल .२२चं, खेळाचं. खेळाडू त्यातून वर्षभरात जेवढ्या गोळ्या झाडतो तेवढ्या स्वसंरक्षणाचा परवानाधारक जन्मात झाडत नाही. ज्याला दहा पावलांवर पुठ्ठ्याला शांतपणे लावता येत नाही, त्याने भर अंधारात, काळीज धडधडत असताना काय लावायचं? मेस्त्रींना सर्वांत जास्त राग येतो तो या गोष्टीचा. लोक पिस्तुलाच्या मॉडेलवर तासभर बोलतात, आणि हातात धरून सराव किती केला म्हटलं की विषय बदलतात.

तरीही 'नवं घ्या' असं ते सरसकट सांगत नाहीत. सरकारी कारखान्यांचं अशनी पिस्तूल आहे, त्याच बोअरमध्ये. २०१४ मध्ये कानपूरहून निर्भीक हे अर्ध्या किलोचं हलकं रिव्हॉल्वर आलं. दिल्लीतल्या सामूहिक बलात्काराच्या घटनेनंतर स्त्रियांसाठी म्हणून त्याचा गाजावाजा झाला, पण सव्वा लाखाच्या घरातली किंमत बघून बहुतेक स्त्रिया दुकानातून परत फिरल्या असतील. २०२३ला प्रबळ आलं, बाजूला उघडणाऱ्या सिलिंडरचं. मेस्त्रींचा कल रिव्हॉल्वरकडे आहे आणि कारण कोरडं आहे: काडतूस फुटलं नाही तर पुन्हा चाप ओढायचा, दुसरं समोर येतं. स्लाइड नाही, मॅगझिनचा पत्रा नाही, भाग मिळतात, आणि घामाने खराब झालं तर हळहळ वाटत नाही.

पण इथे कायदा आडवा येतो. परदेशातला हौशी माणूस जुनं पिस्तूल कपाटात ठेवतो आणि दुसरं कंबरेला लावतो. त्याला निवड करावी लागत नाही. आपल्याकडे डिसेंबर २०१९च्या दुरुस्तीने एका माणसाकडे तीनऐवजी दोनच शस्त्रांची मर्यादा आली. ज्यांच्याकडे तिसरं होतं त्यांना ते वर्षभरात पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करावं लागलं. त्या वर्षी मेस्त्रींच्या तिजोरीत जे आलं त्यात बहुतेक जुनी घराण्यातली शस्त्रं होती. लोकांनी उपयोगाचं ठेवलं आणि आठवणीचं दिलं. एका वृद्ध गृहस्थांनी तर उलटं केलं. चालू रिव्हॉल्वर जमा केलं आणि वडिलांची निकामी व्हायला आलेली रायफल ठेवली. मेस्त्रींना त्यांचा निर्णय जास्त कळला, असं ते सांगतात. कलम ४५ मध्ये पुरातन, दुरुस्त करूनही न चालणाऱ्या शस्त्राला कायद्यातून मोकळीक आहे खरी, पण आबांचं वेब्ली चालतं. चालणारं शस्त्र म्हणजे एक जागा अडली.

आणि निवडणुका. विधानसभा, लोकसभा, जिल्हा परिषद. आचारसंहिता लागली की शस्त्र जमा करायच्या नोटिसा निघतात. आता सरसकट नाही, छाननी समिती एकेक परवाना पाहून ठरवते, तरी व्यापाऱ्याला धाकधूक असतेच. ज्या महिन्यांत गावात रोकड जास्त फिरते, नेमकं तेव्हाच शस्त्र पोलीस ठाण्याच्या खोलीत. परत येतं तेव्हा त्यावर ओलीची बारीक लालसर पूड असते, म्हणून मेस्त्री जमा करण्याआधी तेल लावून मेणकागदात गुंडाळून देतात आणि पावतीवरचा क्रमांक तिथंच वाचून घ्यायला बजावतात.

अण्णांनी सगळं ऐकून घेतलं. मग घरी जाऊन आबांना सांगितलं, आणि आबा रागावले. त्यांच्या हिशेबी त्यांनी ज्या पिस्तुलावर आयुष्य काढलं ते पोराला कमी वाटत होतं. पुढच्या खेपेला ते स्वतःच दुकानात आले. मेस्त्रींनी त्यांना खुर्ची दिली, चहा सांगितला आणि डमी काडतुसांचं मॅगझिन पुन्हा भरून त्यांच्याच हातात दिलं. तिसरं काडतूस पुन्हा उभं राहिलं. आबा ते बघत बसले, मग म्हणाले, "माझ्या वेळेला असं न्हवतं."

"न्हवतंच, आबा. तवा तुमचा हात बी वेगळा हुता."

आबा हसले आणि पुढची अर्धी घटका त्यांनी ते पिस्तूल कुणाकडून, कितीला घेतलं ते सांगण्यात घालवली. मेस्त्रींनी मॅगझिनची ठेच काढून दिली, ग्रिपची चीर वाढू नये म्हणून स्क्रू जरा सैल ठेवला, एक्स्ट्रॅक्टरला हात लावला नाही. वेब्ली अण्णांच्या परवान्यावर राहिलं आहे, होल्स्टरबाहेर, तेल लावून, रिकामं. दुसऱ्या जागेसाठी अण्णांनी साध्या .३२ रिव्हॉल्वरचा अर्ज केला आहे आणि तो पोलीस पडताळणीत आहे. तोवर हुपरीतून माल दिवसाउजेडी, गाडीत दोन माणसं बसवून निघतो. पैसे आरटीजीएसने येतात. चांदी मात्र अजून आरटीजीएसने जात नाही.